बारा पावलं उन्हात

साल २००६. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि रोलचा कॅमेरा गळ्यात घालून फिरणारा भिवंडीत बहुतेक मी एकटाच उरलो होतो. बाकीच्या स्टुडिओंत डिजिटल आलं होतं. तिथं फोटो काढला की गिऱ्हाईक लगेच कॅमेऱ्याच्या पाठीत डोकं घालायचं आणि म्हणायचं, परत काढा. माझ्याकडे 'परत काढा' नव्हतं. मी काढला तोच फोटो.

शिक्षण विचाराल तर चौथी, आणि तीसुद्धा मास्तरांनी ढकललेली. तरी हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय. शुद्धलेखन दिवाळी अंकवाल्यांनी बघावं. वाक्याला हात लावायचा नाही, असं मी त्यांना सांगून ठेवलंय.

नाशिक रस्त्यानं पडघ्याकडे जाताना अलीकडे गोडाऊनची रांग लागते. त्यातल्या एकाची कंपाउंडची भिंत सरळ चालता चालता एका ठिकाणी चार फूट आत वळते आणि परत बाहेर येते. ट्रकवाले तिथं गाडी मागे घेताना शिव्या घालतात. भिंत बांधणारा पिऊन होता, असंही बोलतात. पिऊन कोणी नव्हतं. ती भिंत तशी का आहे ते मला माहीत आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे. चाळीस वर्षांच्या धंद्यात चुका पुष्कळ झाल्या, पण बाकीच्या धुवून निघाल्या.

आधी धंदा काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझा स्टुडिओ बाजारातल्या गल्लीत. एक खुर्ची, दोन दिवे आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर बर्फाचे डोंगर आणि तळं. लूमवर काम करणारे कारागीर महिन्यातून एकदा नहाऊन, तेल लावून यायचे आणि त्या डोंगरापुढे फोटो काढून गावी पाठवायचे. कामतघरचा एक कारागीर दर खेपेला सांगायचा, "डोंगर पूरा आना चाहिए, चाचा." मी म्हटलं, तुझं तोंड बारीक येईल. तो म्हणाला, "मुँह तो घरवाली ने देखा है. खत में लिखा है कि लूम के पीछे पहाड़ दिखता है." त्याचं तोंड मी बारीकच काढलं. डोंगर पूर्ण दिला.

लग्नसराईत मात्र स्टुडिओला कुलूप. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लग्नाला तीन-चार रोल लागायचे, आणि शेवटच्या रोलमध्ये हमखास दोन-चार फोटो उरायचे. ते संपवल्याशिवाय रोल धुवायला देता येत नाही. बाकीचे फोटोवाले उरलेली फिल्म घरच्या पोरांवर, नाहीतर दारातल्या कुत्र्यावर संपवायचे. मी जागांवर संपवायचो.

जागा म्हणजे ज्यांचं पोस्टकार्ड निघत नाही अशा. खाडीकाठचा एक धक्का, जिथं आता होडी लागत नाही. गावाबाहेर पडलेली चुन्याची घाणी, दगडी चाकासकट. अर्धा मैल चिखल तुडवून गेल्यावर लागणारी, पायऱ्यांची, आटलेली विहीर. आणि वीरगळ. वीरगळ म्हणजे जुन्या काळी लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरलेला दगड. आपल्या तालुक्यात बांधाबांधावर पडलेत. कोणी त्यावर कपडे धुतं, कोणी शेंदूर लावतं. लग्नाच्या गावात पाहुणे जेवायला बसले की मी विचारत फिरायचो, इथं जुनं काही आहे का. लोक म्हणायचे, मी हाय की.

लॅबवाले हनीफभाई माझे रोल धुवायचे. ते म्हणायचे, "बाळाराम, प्रत्येक लग्नाच्या शेवटी तुझा एक दगड ठरलेला. नवरा-नवरीला घाबरवतो काय?"

जागेच्या फोटोत मला माणूस चालत नसे. हा माझा हट्टच होता. माणसांचेच फोटो काढून पोट भरत होतो, निदान हे दोन-चार तरी माझे मला हवे होते. त्यामुळे कुठंही गेलो की माझं एक वाक्य ठरलेलं. आपल्या माणसाला "जरा बाजूला व्हा", आणि उत्तरेकडच्याला "जरा साइड में." बायका हंडे घेऊन बाजूला व्हायच्या, गुरं हाकली जायची, म्हातारे बिडी विझवून उठायचे. मग मी फोटो काढायचो. माझी बायको म्हणायची, "तुमचे फोटो बघितले की वाटतं तालुक्यात पटकी येऊन गेली." ती २००३ मध्ये गेली. मुलगा नाशिकला, तिकडेच त्याचं घर. मग स्टुडिओ बंद केल्यावर घरी येऊन मी भात टाकायचो आणि ते फोटो काढून बसायचो. सगळ्या रिकाम्या जागा. घरातही तेच.

आणखी एक सांगायचं राहिलं. निगेटिव्ह मी कधी स्वतःकडे ठेवली नाही. दुसरे स्टुडिओ ठेवायचे, म्हणजे कॉपीसाठी गिऱ्हाईक परत त्यांच्याच दारात. मी अल्बमबरोबर निगेटिव्ह ज्याची त्याला देऊन टाकायचो. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्यामुळे झालं असं, की माझे सगळे दगड, विहिरी, धक्के लोकांच्या लग्नांच्या शेपटाला लागून तालुकाभर कपाटांत जाऊन बसले. माझ्याकडे फक्त एकेक कॉपी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. २००५ च्या पुरात स्टुडिओत छातीएवढं पाणी आलं. चार दिवसांनी डबे उघडले तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून वीट झाली होती. नखानं सोडवायला गेलो तर एकाचा रंग दुसऱ्यावर यायचा. शेवटी सगळं कचऱ्यात दिलं.

पुढच्या वर्षी, दिवाळीला तीनेक आठवडे असताना, एक म्हातारी स्टुडिओत आली. आगरी बाई, काष्ट्याचं लुगडं, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर न बसता काचेकडे बघत उभी राहिली.

"फोटूवाला बाळाराम तूच ना?"

"मीच. बसा, बाय."

"हितं काचंला एका दगडाचा फोटू व्हता. घोड्यावरचा मानूस कोरलेला. कुठं गेला?"

"पुरात गेला."

"मंग दुसरा काढ."

"दगड दाखवा, काढतो."

"दगडच तर गेला, दादा," ती म्हणाली, आणि मग बसली.

तिचं नाव चांगुणाबाई. माहेर त्या गोडाऊनवाल्या गावातलं. पन्नास वर्षांमागे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, नवव्या दिवशी गेला. एवढ्या लहानाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. तिच्या बापानं शेताच्या बांधावर, करंजाच्या झाडाखाली पुरलं. तिथं तो वीरगळ आधीपासूनच टेकून होता, म्हणून खुणेसाठी वेगळं काही केलं नाही.

"नाव काय होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बारसं व्हायच्या आदीच गेला. नाव कुठनं येनार?"

पुढं तिला चार मुली झाल्या. पण दर भाऊबीजेला ती भावाकडे यायची, भावाला ओवाळायची आणि दिवेलागणीला एक पणती घेऊन बांधावर जायची. भाऊ वारला तरी यायची थांबली नाही, भाचा जनार्दन आणायला जायचा. त्याच जनार्दननं आता जमीन विकली होती. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. "त्याची जमीन, त्याला पोरं हायत," म्हणाली. जनार्दननं घेणाऱ्या शेटला आत्याची गोष्ट सांगितली होती, आणि शेट म्हणाला होता, जागा नक्की दाखवा, चार फूट सोडून देतो. पण जागा दाखवायची कशी? पावसाळा संपल्याबरोबर बुलडोझर फिरला. झाड गेलं, बांध गेला, दगड भरावाखाली गेला आणि वर माणूसभर उंच मुरूम पडला. सगळं सपाट.

"तीन दिस तितं गेले. तीन दिस तीन जागा दाखवल्या," ती म्हणाली. "पोरं हसतात. मंग तुझा फोटू आठवला. मी दोन वेला येऊन बाहेरनं बघून गेलेली. तुज्या फोटूत मागं डोंगर व्हता. डोंगर काय कुनी हलवला नाय."

बाई शिकलेली नव्हती, पण जे मला चाळीस वर्षांत कळलं ते तिला काचेबाहेरून कळलं होतं. फोटोवरून जागा काढता येते. जवळची एक वस्तू आणि तिच्या मागे लांबची एक वस्तू, अशा दोन जोड्या फोटोत जशा दिसतात तशाच डोळ्यांपुढे आणल्या, की तुम्ही बरोबर तिथंच उभे असता जिथं फोटोवाला उभा होता. पाऊलभरही चूक होत नाही. भराव कितीही उंच असो, डावं-उजवं बदलत नाही.

मी हे तिला मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. मग विचारलं, मी लग्नाला आलो होतो ते कोणाच्या? मला लग्नं आठवत नाहीत, ऊन आठवतं.

"शेजारच्या सुमनचं. तेरा वर्सं झाली."

आणि मला ऊन आठवलं.

त्या दिवशी पाठवणी झाली, नवरीची जीप गेली, आणि रोलमध्ये दोन फोटो उरले. टेम्पो सुटायला वेळ होता. त्या टेम्पोत मी आणि बँडवाले मिळून भिवंडीला परतणार होतो. बांधावर वीरगळ आहे असं कोणीतरी सांगितलं, म्हणून गेलो. दगड सुरेख. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. पण करंजाच्या गर्द सावलीत, शेवाळलेला. कोरलेल्या दगडाला बाजूनं ऊन पाहिजे, तर नक्षी उठते. सावलीत तो नुसता धोंडा. आणि बारा पावलांवर मे महिन्याचं, उतरणीचं, सोन्यासारखं ऊन पडलेलं. झाडाखाली बँडचे चौघे लाल कोट काढून बिडी ओढत बसले होते. मी म्हटलं, जरा हात लावता का. चौघे आणि मी पाचवा. कमरेएवढा दगड, मरणाचा जड. अर्धा उचलत, अर्धा ओढत बारा पावलं उन्हात नेला आणि मागे धोंडे लावून उभा केला. ढोलवाला म्हणाला, "नवरदेव बोहल्यावर चढला." आम्ही हसलो. मी दोन फोटो काढले. तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. दगड परत न्यायचा होता. वाजवणाऱ्यांनी कोट घातले आणि पळाले. मीही पळालो.

तो माझ्या आयुष्यातल्या चांगल्या फोटोंपैकी एक होता. दहा वर्षं काचेला लावला होता. कसा काढला ते कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

चांगुणाबाई पिशवी सावरून उठली. "भाऊबीजंच्या आत बघ, दादा," म्हणाली. मी हो म्हटलं. दुसरं काही बोललो नाही.

सुमन कामतघरला दिली होती. चाळीत, खालच्या अंगाला लूमचा कारखाना, त्यामुळे घरात बोलायचं म्हणजे ओरडूनच. ती ओळखून हसली आणि ओरडली, "काका, आता काय परत लगीन लावता काय माझं?" मी निगेटिव्ह म्हटल्यावर तिनं कपाटातली साड्यांची चवड काढली. खालून प्लास्टिकचं पाकीट निघालं. पाकिटात अर्ध्याच पट्ट्या.

"बाकीच्या?"

"ग्रहन बघायला नेल्या पोरांनी. चाळीत सगल्यांनी माझ्या लग्नातनं ग्रहन बघितलं."

मी पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरून बघायला लागलो. हळद. सुपारी. मुंडावळ्या. आणि खरं सांगतो, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, निगेटिव्ह मिळू नये. गेली असेल ग्रहणात, तर बरं. हात हलवत जाऊन सांगेन, बाय, नाही मिळाली. कोणालाही काही कळणार नाही.

शेवटची पट्टी सुमननंच पुढे केली. "ही मी पोरांना हात लावू दिली नाय. हिच्यात बाबा हायत."

चार फोटोंची पट्टी. पहिल्या दोनात पाठवणी. तिचा बाप तिला जवळ धरून रडतोय, टोपी वाकडी झालीय. पुढच्या दोनात माझा दगड. जागेच्या फोटोत माणूस नको म्हणणाऱ्याचा हा दगड वाचला होता, आणि तोही शेजारच्या चौकटीत कोणाचा तरी बाप होता म्हणून.

हनीफभाईंनी मोठी कॉपी काढली. टेबलावर ठेवून बराच वेळ वाकून बघत राहिले.

"बाळाराम, हा दगड तू हलवलास."

"कशावरून?"

"मातीत ओढल्याची रेघ आहे. ही बघ, या झाडाच्या बुंध्यापासून इथपर्यंत."

डाव्या कडेला करंजाचा बुंधा अर्धा कापला गेला होता आणि त्याच्यापासून उन्हापर्यंत जमिनीवर फिकट रेघ होती. दहा वर्षं काचेला होता फोटो, मला कधी दिसली नव्हती. मी घोड्याकडे बघत होतो.

हनीफभाईंना मी सगळं सांगितलं. ते कॉपी पाकिटात घालता घालता म्हणाले, "म्हातारीला सांगणार?"

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही. तुला मी तीस वर्षं ओळखतो. तू चूक झाली म्हणून कधी एक फोटोसुद्धा परत काढून दिला नाहीस."

मला राग आला. पाकीट घेतलं आणि उठून आलो. दोन दिवस फोटो घरी ताटाशेजारी ठेवून जेवलो. सांगून करायचं काय, असं मनाशी घोळवत होतो. ती म्हातारी दगडालाच पणती लावत आली. दगड होता तिथं जागा दिली तर तिला तेवढंच पुरेसं. खाली कोण आहे, नाही, हे तिला कुठं दिसणार आहे. मग वाटायचं, दिसणार नाही म्हणूनच तर तिनं मला विचारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला साइटवर गेलो. जनार्दन आत्याला घेऊन आला होता. मुकादमाच्या हातात चुन्याची पाटी. चांगला माणूस होता, पण घाईत. "शेटने बोला है तो छोड़ेंगे, लेकिन जगह एक बोलो," म्हणाला. "कल सात बजे से रोलर है."

मी मुरुमावर चढलो. फोटो हातात. डावीकडे माहुलीचा सुळका मारुतीच्या देवळाच्या कळसावर बरोबर बसला पाहिजे. उजवीकडे विजेचा मोठा मनोरा शाळेच्या कौलांच्या टोकाला चिकटला पाहिजे. एक जोडी जमली की दुसरी सुटायची. पुढे गेलो, मागे आलो, डावीकडे अर्धं पाऊल. मुकादम हसत होता. मग दोन्ही एकदम बसल्या, आणि मला तेरा वर्षांपूर्वीचा मी पायाखाली सापडला. तिथून दगड दहा फुटांवर. मी दगडाचे फोटो नेहमी दहा फुटांवरूनच काढतो. मोजलं आणि म्हटलं, "फोटोतला दगड इथं."

मुकादमानं चुन्याची चौकट आखली. चांगुणाबाई खाली बसली, मुरुमावर हात ठेवला. डोळे मिटले. तिनं पिशवीतून हळद-कुंकवाची पुडी काढली आणि सोडायला लागली. गाठ सुटत नव्हती.

"बाय, थांबा," मी म्हटलं. "पोर इथं नाही."

मग सांगितलं. सावली, ऊन, बँडवाले, टेम्पो, सगळं. रेघ दाखवली. बुंधा दाखवला. चुन्याच्या चौकटीपासून रेघेच्या दिशेनं बारा पावलं मोजली आणि जुन्या बांधावर, भरावाच्या अगदी कडेला येऊन उभा राहिलो. "इथं आहे," म्हटलं. सांगताना मला जरा बरंच वाटत होतं. आपण खरं बोलतोय, कोणी बोललं नसतं, असं काहीतरी.

जनार्दन शिवी घालायला पुढे आला. तिनं हातानं थांबवलं. पुडी तिच्या हातात तशीच होती.

"त्या भाऊबीजंला मी आले तर दगड उनात," ती म्हणाली. "भावाला इचारलं, कुनी हलवला? कुनाला ठाव नाय. गावात इचारलं. कुनी नाय बोल्ला. मना वाटलं..."

मग मलाच विचारलं,

"किती जनांनी उचलला?"

"पाच."

"जड व्हता?"

"खूप जड होता, बाय."

"तरी मी बोलायची," ती म्हणाली, "एवढ्याशा जिवाला कसा हलला. मना वाटलं, करंजाखाली त्याला गारठा लागत आसंल. म्हून सोता उनात जाऊन बसला. तेरा वर्सं मना तेवडं बरं वाटत व्हतं."

मुकादम दुसरीकडे बघायला लागला.

मग ती उठली, मी उभा होतो तिथं चालत आली. माझ्याकडे बघितलं नाही. "जितं पुरला तितंच सोडा," जनार्दनला म्हणाली. मुकादमानं पहिली चौकट पायानं पुसली आणि बांधावर नवी आखली. मी फोटोचं पाकीट तिच्यापुढे केलं. तुमच्यासाठीच काढलाय, म्हटलं. ती म्हणाली, "नको. उनातला हाय तो." आणि भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून गेली. मी त्यानंतर तिला कधी बघितलं नाही. कधी तिच्या गावावरून गेलो तरी वाट वाकडी केली नाही.

खरं बोललो याचं मला कौतुक व्हावं असं काही नाही. खरं बोलायची वेळ तेरा वर्षांपूर्वी होती. टेम्पोला दोन मिनिटं थांब म्हणायला पाहिजे होतं. ते न म्हणता मी तिचा दगड हलवला, आणि मग त्या हलवलेल्या दगडातून तिनं स्वतःपुरतं जे काही उभं केलं होतं तेही मीच काढून घेतलं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही.

घरी आलो, भात टाकला. तेव्हा आठवलं, की भरावावर रोज सकाळी टँकरनं पाणी मारतात, मुरूम बसावा म्हणून. चुना पाण्यात राहत नाही. आणि जागा पक्की करायला शेट कधी येईल ते मुकादम बोलला नव्हता, रोलर सातला येईल एवढंच बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्कूटर काढली. कॅमेरा घरीच ठेवला. फोटो तेवढा खिशात होता. पोचलो तेव्हा टँकर येऊन गेला होता. मुरूम ओला, लाल, आणि त्यावर चुन्याचा ठिपकासुद्धा नाही. सुळका कळसावर आणला, मनोरा कौलांना लावला, दहा फूट मोजले, बारा पावलं चाललो आणि बांधाच्या जागेवर उभा राहिलो. सात वाजता रोलर आला. वर बसलेल्या माणसानं इंजिन बंद न करताच हात हलवला.

"चाचा, जरा साइड में."

मी झालो नाही.